तीन शतांश ग्रॅम

पदार्थ घरूनच आणायचा होता.
इतर गावांत मुलं म्हणे सोडा आणतात, लिंबू आणतात;
लामाराबाई आम्हाला म्हणाल्या, बुटांखालचं आणा.
चिआतुरात कुणी विचारत नाही, कुणाचे बूट.

मी बाबांचे बूट वर्तमानपत्रावर आपटले.
काळं पडलं. काजळीहून जड,
बोटाला लागलं की साबणाला दाद न देणारं.
आई म्हणाली, आत्ता झाडलंय घर.
मी म्हटलं, हे मँगनीज डायऑक्साइड आहे.
ती म्हणाली, अस्सं? सतरा वर्षं झाडतेय,
नाव आज कळलं.

प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर.
नळ आहेत आठ, पाणी एकाला.
खिडकीतून दरीवरचा रोपवेचा जुना डबा दिसतो,
मधोमध थांबलेला, गंजलेला,
आणि खाली क्विरिला, जी बाकीच्या नद्यांसारखी
आकाश वगैरे दाखवत नाही.

चिखल धुऊन काढा, बाई म्हणाल्या, जड ते तळाशी राहील.
राहिलं. रेडिएटरवर वाळवलं.
तराजू दोन पारड्यांचा, बाईंच्या शिक्षिकेच्या काळातला.
वजनं चिमट्याने उचलायची, हाताने नाही,
घामाचंसुद्धा वजन असतं.
मी श्वास धरून मोजलं: शून्य पूर्णांक ब्याऐंशी.

मग औषधाच्या दुकानातलं पेरॉक्साइड,
गुडघा फुटला की घालतात ते.
आत काळं टाकलं मात्र,
परीक्षानळी उतू गेली, दुधासारखी, पण आवाज करत,
काच हाताला गरम लागली.
बाईंनी विझलेली काडी, टोकाला नुसता निखारा, आत धरली
आणि ती भडकन पेटली.
मागच्या बाकावरचा बेसिक, जो कशालाच दाद देत नाही,
"अरे!" म्हणाला. मोठ्याने.

लिहून घ्या, बाई म्हणाल्या, परीक्षेला हमखास येतं:
उत्प्रेरक म्हणजे तो, जो क्रिया घडवून आणतो
आणि स्वतः मात्र खर्च होत नाही.
आम्ही लिहून घेतलं.
ख्विचाने खाली दोनदा रेघ मारली.

आता सिद्ध करायचं.
गाळलं. वाळवलं. पुन्हा पारड्यात.
शून्य पूर्णांक एकोणऐंशी.
पुन्हा मोजलं. एकोणऐंशी.
ख्विचा कुजबुजला, ब्याऐंशी लिही गं, वेडी आहेस का,
व्याख्याच तशी आहे.
त्याने लिहिलं. त्याच्या वहीत काहीच हरवलं नव्हतं.

मी एकोणऐंशी लिहिलं
आणि निरीक्षणाच्या रकान्यात इतका वेळ बघत बसले
की घंटा झाली.

वही परत आली गुरुवारी.
ख्विचाला पाचपैकी पाच.
माझ्याकडे गुणच नाहीत. फुली नाही, बरोबरची खूणही नाही.
लाल शाईत, आकड्याशेजारी, एवढंच:
उरलेलं कुठे गेलं?

गाळणकागदावर, मला माहीत होतं.
काचेला चिकटलेलं, चिमट्याच्या टोकाला.
उत्तर सोपं होतं, मी मधल्या सुट्टीतच लिहिणार होते.

संध्याकाळी बाबा दिवसपाळीवरून आले.
बूट दाराबाहेर काढले,
तसेच मोरीशी उभे राहून हात धुतले, मग मान, मग कान,
मग पुन्हा हात.
आईने मक्याची म्चादी तव्यावरून उतरवली.
ते खोकले, जसे रोज खोकतात,
रुमाल तोंडाशी धरला, घडी केला, खिशात ठेवला,
आणि विचारलं, काय मग, उडवली का शाळा?
मी म्हटलं, नाही. काडी पेटली पण.
त्यांना ते फार आवडलं. पुन्हा सांग म्हणाले.
मी पुन्हा सांगितलं, बेसिकच्या "अरे!"सकट.

सगळे झोपल्यावर वही उघडली.
गाळणकागद, लिहिलं. काच, लिहिलं. चिमटा.
आणि मग, पेन्सिलीनेच,
खोडता यावं म्हणून,
रुमाल.